घटक ४ : ज्ञानकोशकार केतकर : परदेशातून दिसलेला स्वदेश

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला

• डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• परदेशवासामुळे स्वदेशातील प्रश्नांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कशी घडली, हे स्पष्ट करता येईल.
• या दृष्टीची मर्यादा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विवेचनाच्या आधारे दाखवता येईल.
• ज्ञानकोश आणि कादंबरीलेखन यांचा या दृष्टीशी असलेला संबंध उलगडून सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्राचा अभ्यास करताना केवळ जन्म, शिक्षण, ग्रंथ आणि मृत्यू यांच्या तारखा पाठ करणे पुरेसे नसते. चरित्रनायकाला कोणता प्रश्न पडला, तो प्रश्न त्याला कोठे उभे असताना पडला आणि त्या प्रश्नाने पुढील आयुष्यात त्याच्याकडून काय करवून घेतले, हे पाहावे लागते. प्रस्तुत घटकात आपण ज्ञानकोशकार केतकर यांचे चरित्र या दृष्टीने पाहणार आहोत.

मुख्य विवेचनाकडे वळण्यापूर्वी भाषाभ्यासातील एक साधे उदाहरण लक्षात घ्या. हा घटक ज्या मलकापुरात लिहिला आहे तेथे मुलाच्या तोंडी लहानपणापासून ‘मले’, ‘तुले’ अशीच रूपे असतात. ती रूपे वेगळी आहेत याची जाणीव त्याला मलकापुरात होत नाही. पुण्यातील महाविद्यालयात गेल्यावर, वर्गात कोणी हसले म्हणजे, आपण एक विशिष्ट बोली बोलतो हे त्याला प्रथम कळते. त्यानंतर त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला, लाजून ती बोली टाकून देणे. दुसरा, चिडून तिचा आंधळा कैवार घेणे. तिसरा मार्ग थोडे जण घेतात. तो म्हणजे त्या बोलीचे व्याकरण काय, ती अशी का झाली आणि हसणाऱ्याची भाषादेखील एक बोलीच कशी आहे, याचा अभ्यास करणे.

परदेशी गेलेल्या माणसाचे स्वदेशातील प्रश्नांविषयी असेच होते. घरी असताना जे स्वाभाविक वाटते ते दूर गेल्यावर प्रश्न म्हणून समोर येते आणि तेथेही लाज, कैवार आणि अभ्यास हेच तीन मार्ग असतात. केतकरांनी तिसरा मार्ग घेतला. त्या मार्गाने त्यांना काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वऱ्हाडातून इथाकाकडे

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर तेव्हा मध्यप्रांतात होते. त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात, अमरावती येथे झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गेले. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग अकोला, शेगाव, मलकापूर असा वऱ्हाड ओलांडून खानदेशात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात जाऊ लागला आणि त्याच मार्गाने वऱ्हाडातील होतकरू मुलेही मुंबईला जाऊ लागली. केतकर त्या पिढीतले होते.

त्या काळी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे म्हणजे बहुधा इंग्लंडला जाणे आणि तेथून बॅरिस्टर होऊन किंवा सनदी सेवेची परीक्षा देऊन परतणे होय. केतकर १९०६ मध्ये गेले ते अमेरिकेला. न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. हा फरक महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये हिंदी विद्यार्थी हा राज्यकर्त्यांच्या देशात आलेला प्रजाजन असे. अमेरिकेत त्याच्याविषयी तसा सत्तासंबंध नव्हता. परंतु त्याच्या देशाविषयी कुतूहल, अज्ञान आणि धर्मप्रसारकांच्या वृत्तांतांतून पसरलेल्या समजुती भरपूर होत्या. अशा वातावरणात हिंदू माणसासमोर वारंवार येणारा विषय म्हणजे जात.

केतकर तेथे सुमारे पाच वर्षे राहिले. १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली. मात्र ज्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले तो त्याआधीच, १९०९ मध्ये, इथाका येथेच प्रसिद्ध झाला होता. त्याचे नाव ‘द हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’. तेव्हा केतकर पंचवीस वर्षांचे होते.

४.३.२ दुरून दिसलेली जात

आता क्षणभर थांबून विचार करा. अमरावतीत किंवा मलकापुरात वाढलेल्या मुलाला जात माहीत नसते काय? ती त्याला पुरेपूर माहीत असते. पण ती शेकडो सुट्या सवयींच्या रूपाने. कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, कोणाच्या पंगतीला कोण बसते, सोयरीक कोठे होते, आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न का थांबतो, या साऱ्या गोष्टी त्याला ठाऊक असतात. परंतु या सवयी मिळून एक रचना होते आणि त्या रचनेला काही नियम असतात, हे आतून सहसा दिसत नाही.

केतकरांच्या ग्रंथाचे महत्त्व येथे आहे. जात म्हणजे काय, याची त्यांनी दोन लक्षणे सांगितली. पहिले लक्षण असे की, जातीचे सदस्यत्व त्या जातीत जन्मलेल्यांपुरते मर्यादित असते आणि तेथे जन्मलेल्या सर्वांना ते मिळते. दुसरे असे की, जातीबाहेर विवाह करण्यास सामाजिक नियमाने कडक मनाई असते. त्याचबरोबर जातींची उतरंड शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेवर उभी आहे, हे त्यांनी दाखवले. एकटी जात सुटी घेऊन तिचा अर्थ लागत नाही, इतर जातींशी असलेल्या संबंधातच तो लागतो, ही दृष्टी या मांडणीमागे आहे.

या ग्रंथात केतकरांनी मनुस्मृतीचा आधार घेतला. पण तो कसा घेतला हे पाहण्यासारखे आहे. तत्कालीन सनातनी पंडित मनुस्मृती हा आज्ञाग्रंथ मानीत, तर सुधारक तिला दोष देत. केतकरांनी तिच्याकडे एका विशिष्ट काळातील समाजाविषयीचा पुरावा म्हणून पाहिले. तो काळ त्यांच्या मते इसवी सनाचे तिसरे शतक होता. आज्ञा म्हणून वाचलेला ग्रंथ आणि पुरावा म्हणून वाचलेला ग्रंथ यांत अक्षराचाही फरक नसतो. वाचणाऱ्याची जागा मात्र बदललेली असते.

परदेशवासाचा दुसरा परिणाम याच्या उलट दिशेचा आहे. दूर गेल्यावर केतकरांना केवळ स्वदेशाचे दोष दिसले असे नाही. स्वदेशाविषयी बाहेरच्यांनी रचलेल्या सिद्धान्तांचे दोषही दिसले. त्या काळी जातीचे मूळ वंशात आहे, या मताचा मोठा बोलबाला होता. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाडोळ्यांच्या मोजमापांवरून जाती आणि वंश यांचा संबंध जोडला होता. केतकरांनी हे मत नाकारले. एखादे कुळ वंशाने आर्य की द्रविड, हा प्रश्न परकीय विद्वानांनी ती रेघ ओढेपर्यंत हिंदुस्थानातील लोकांना पडलेलाच नव्हता, असे त्यांचे प्रतिपादन होते. वंशविज्ञानातील मूलभूत उणिवांविषयी त्यांनी ग्रंथाला स्वतंत्र परिशिष्ट जोडले. ज्या देशात ते हे लिहीत होते त्या देशाच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याच वेळी वर्णभेदाला कायद्याचे पाठबळ होते, हे येथे ध्यानात ठेवा.

म्हणजे लाज आणि कैवार या दोहोंपासून केतकर वेगळे राहिले. जात आहे हे त्यांनी लपवले नाही आणि जातीविषयी परक्यांनी सांगितलेले सारे त्यांनी मानलेही नाही. या विषयाचा पुढील भाग ‘ॲन एसे ऑन हिंदुइझम’ या नावाने १९११ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

४.३.३ त्याच अंतरावरून दुसरी दृष्टी

केतकरांचे हे विवेचन येथेच थांबवले, तर परदेशी गेले की स्वदेश स्वच्छ दिसतो, असा सोपा निष्कर्ष निघेल. तो अपुरा आहे. केतकर अमेरिकेहून निघाल्यानंतर थोड्याच वर्षांनी आणखी एक मराठी तरुण त्याच न्यूयॉर्क राज्यात शिकण्यास आला. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी तेथील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. तेव्हा तेही पंचवीस वर्षांचेच होते.

या निबंधात आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या तपासल्या. चौघांत केतकर एकटेच भारतीय. त्यांनी चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने हा अभ्यास केला, जातीची व्याख्या जातिव्यवस्थेच्या संदर्भात केली आणि आवश्यक तेवढ्याच लक्षणांवर लक्ष ठेवले, याचे श्रेय आंबेडकरांनी त्यांना दिले. नंतर त्यांनी एक नेमका दोष दाखवला. केतकर ज्यांना दोन लक्षणे म्हणतात ती वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जातीबाहेरचा विवाह बंद केला की सदस्यत्व आपोआपच जन्मापुरते उरते. म्हणून जातीचे सार एकच : जातीअंतर्गत विवाहाची सक्ती.

हा केवळ तर्कशास्त्रातील बारकावा नाही. लक्षण एकच आहे असे ठरल्यावर पुढचा प्रश्न अटळ होतो : ही सक्ती टिकवली कशी जाते? या प्रश्नाचा माग काढत आंबेडकर सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींपर्यंत पोहोचले. गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवून जातीची भिंत अभेद्य राखण्याची ती साधने आहेत, असे त्यांनी दाखवले. जातीची किंमत कोण चुकवते, हे त्यामुळे विवेचनाच्या मध्यभागी आले.

दोघे एकाच देशात गेले, एकाच विषयावर लिहिते झाले, दोघांनाही अंतराचा लाभ मिळाला. तरीही दृष्टीत हा फरक का पडला? बुद्धीची तीक्ष्णता हे एक कारण म्हणता येईल. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. परदेशी जाणारा माणूस घरातील आपली जागा घेऊनच बोटीवर चढतो. केतकर ब्राह्मण घरातून गेले होते. जातीच्या भिंतीची रचना त्यांना दुरून दिसली. आंबेडकरांनी त्या भिंतीचा आघात शाळकरी वयापासून सोसला होता. त्यामुळे ती भिंत कशाने उभी आहे, हे त्यांनी आधी विचारले.

परतीच्या अनुभवातही हाच फरक दिसतो. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठी रुजू झाले तेव्हा परदेशी विद्यापीठातील शिक्षण पाठीशी असूनही त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला; जात उघड होताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. केतकरांपुढेही परतल्यावर अडचणी होत्या, परंतु त्या या जातीच्या नव्हत्या. परदेशवासाने माणसाची दृष्टी बदलते. स्वदेशाची त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी त्याच वेगाने बदलत नाही.

४.३.४ परतल्यानंतरचे काम : ज्ञानकोश

अमेरिकेनंतर काही काळ लंडनमध्ये राहून केतकर १९१२ मध्ये स्वदेशी परतले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी थोडा काळ अध्यापन केले. हिंदी अर्थशास्त्र आणि हिंदू कायदा या विषयांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. हा मार्ग असाच पुढे चालू ठेवला असता तर ते इंग्रजीत लिहिणारे एक नामवंत प्राध्यापक झाले असते. परंतु त्यांनी दिशा बदलली.

या बदलाचा विचार भाषेच्या अंगाने करा. इथाका येथे लिहिलेल्या ग्रंथाचा वाचक बाहेरचा होता. हिंदू समाजात काय आहे, हे त्या वाचकाला समजावून द्यावयाचे होते. परंतु ज्या समाजाविषयी ते ज्ञान होते, त्या समाजातील बहुसंख्यांपर्यंत ते पोहोचणारच नव्हते. जो समाज आपल्या प्रश्नांची चर्चा परभाषेत करतो, त्यात ती चर्चा मूठभरांची मालमत्ता होऊन बसते. केतकरांचे मोठेपण असे की, बाहेर मिळवलेली दृष्टी त्यांनी मराठीत आणण्याचे ठरवले आणि ती एखाद्या निबंधाने नव्हे, तर संपूर्ण ज्ञानकोशाने.

१९१६ च्या सुमारास नागपूर येथे ज्ञानकोश मंडळाची स्थापना झाली. ही संस्था भागभांडवल उभारून चालवलेली मंडळी होती. सरकारी कृपा किंवा एखाद्या संस्थानिकाचे औदार्य यांवर विसंबून न राहता गावोगावचे वकील, शिक्षक, व्यापारी यांना भागीदार आणि वर्गणीदार करून घेण्याची ही कल्पना होती. त्यासाठी केतकरांनी स्वतः दौरे केले. पुढे मंडळाचे काम पुण्यास हलले. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे यांसारखे सहकारी त्यांना लाभले. १९२० मध्ये पहिला विभाग प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे नऊ वर्षांत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस विभागांत पूर्ण झाला.

या कोशाची रचना केतकरांच्या दृष्टीची साक्ष देते. अकारविल्हे लेखांना आरंभ करण्यापूर्वी त्यांनी प्रस्तावनाखंडाचे पाच विभाग घातले : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. यांतील पहिल्याच शीर्षकाकडे लक्ष द्या. हिंदुस्थान एकटा नाही आणि जगही त्याच्यावाचून नाही. दोन्ही परस्परांच्या संदर्भात पाहावयाची आहेत. जात सुटी पाहता येत नाही, हे इथाका येथे आलेले भान येथे देशाला लावलेले दिसते. इंग्रजी कोशाचे भाषांतर केले असते तर काम लवकर संपले असते. परंतु मग मराठी वाचकाला जग दिसले असते ते लंडनच्या खिडकीतून. केतकरांना ते महाराष्ट्रातून दाखवावयाचे होते.

४.३.५ घरात आलेला प्रश्न आणि कादंबरी

ज्या वर्षी ज्ञानकोशाचा पहिला विभाग निघाला त्याच वर्षी, १९२० मध्ये, केतकरांचा विवाह झाला. लंडनमध्ये त्यांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू घराण्यातील तरुणीशी झाली होती. अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर त्या हिंदुस्थानात आल्या. व्रात्यस्तोम हा प्राचीन विधी करून त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्या शीलवती केतकर झाल्या.

या घटनेचा अर्थ नीट समजून घ्या. सदस्यत्व जन्माने मिळते आणि बाहेर विवाह निषिद्ध असतो, हे जातीचे दोन नियम केतकरांनी ग्रंथात मांडले होते. आता त्या दोन्ही नियमांशी त्यांची गाठ स्वतःच्या घरात पडली. त्यांनी परंपरा झुगारून नोंदणी विवाहाचा मार्ग धरला नाही, किंवा परदेशी स्थायिक होण्याची वाटही धरली नाही. बाहेरच्याला आत घेण्याची सोय परंपरेतच आहे काय, याचा त्यांनी शोध घेतला आणि एक विस्मृत विधी वापरात आणला. ही तडजोड की धाडस, याविषयी मतभेद होऊ शकतात; तुम्हीही आपले मत बनवा. शीलवतीबाई या समाजात राहिल्या आणि विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद करून त्यांनी विद्वत्तेतही आपले स्थान मिळवले. त्यांचे आत्मकथन ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ हे मराठीत आहे.

ज्ञानकोशाचे काम उतरणीस लागले तसे केतकर कादंबरीकडे वळले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘आशावादी’, ‘गावसासू’, ‘ब्राह्मणकन्या’, ‘भटक्या’ आणि ‘विचक्षणा’ या त्यांच्या कादंबऱ्या. भाषेची सफाई आणि कथानकाची बांधणी या दृष्टीने समीक्षकांनी त्यांत उणिवा दाखवल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. परंतु पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा प्रणयकथेत रमलेल्या तत्कालीन कादंबरीत या कादंबऱ्यांनी निराळीच माणसे आणली : परप्रांतात व परदेशात पांगलेली, दोन समाजांच्या सीमेवर अडकलेली, विवाहाने किंवा जन्माने कोठेच नीट न बसणारी.

‘परागंदा’ हा शब्द पाहा. मूळ फारसी शब्दाचा अर्थ विखुरलेला. मराठीत त्याला घरदार सोडून देशोधडीला लागलेला, अशी दुःखाची छटा आली. केतकरांच्या कादंबरीविश्वात या दोन्ही अर्थांना जागा आहे. १९३० मधील ‘ब्राह्मणकन्या’ची नायिका कालिंदी तर गाव न सोडताच परागंदा आहे. तिच्या आईकडील कुळाला समाजाची मान्यता नाही. त्यामुळे ब्राह्मण पित्याची कन्या असूनही तिला त्या समाजात स्थान नाही. तिच्या निमित्ताने केतकर विचारतात की, अशा माणसांसाठी समाजाने कोणते नियम करावेत. कादंबरीतील वैजनाथशास्त्री नवी स्मृतीच रचावयास घेतात. पंचवीसाव्या वर्षी मनुस्मृतीला पुरावा म्हणून वाचणारा अभ्यासक सेहेचाळिसाव्या वर्षी नव्या स्मृतीची कल्पना करतो, हा या चरित्रातील महत्त्वाचा प्रवास आहे. त्यात आंबेडकरांनी दाखवलेल्या दिशेची, म्हणजे जातीची किंमत चुकवणाऱ्या स्त्रीची, जाणीवही आलेली दिसते.

१९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे केतकर अध्यक्ष होते. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताण आणि मधुमेहाचा विकार यांत गेली. तशातही १९३५ मध्ये ‘प्राचीन महाराष्ट्र’ या ग्रंथाचा शातवाहनपर्व हा भाग त्यांनी प्रसिद्ध केला. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

४.४ सारांश

केतकरांच्या चरित्रावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, परदेशवासाने स्वदेशातील सवयींमागची रचना दिसू लागते. केतकरांना जात अशी दिसली. दुसरी, हे दिसणे पाहणाऱ्याच्या घरातील जागेवर अवलंबून असते; म्हणून एकाच देशातून पाहणाऱ्या केतकरांना आणि आंबेडकरांना एकच वस्तू निरनिराळी दिसली आणि दोघांचे वाचन एकत्र केल्यावाचून ती पुरती कळत नाही. तिसरी, दुरून मिळालेल्या ज्ञानाची कसोटी परतल्यावर लागते. केतकरांनी ते ज्ञान आपल्या भाषेत आणले, त्यासाठी गावोगाव फिरले आणि स्वतःच्या संसारातही त्याची परीक्षा होऊ दिली. दूर राहून स्वदेशाविषयी मत देणारे पुष्कळ असतात. त्या मताची जबाबदारी उचलणारे थोडे. केतकरांची गणना त्या थोड्यांत होते.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. केतकरांनी अमेरिकेतील कोणत्या विद्यापीठात शिक्षण घेतले?
२. ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडातील पहिल्या विभागाचे नाव काय?
३. केतकर कोणत्या वर्षी मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले?

(आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. केतकरांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे आणि आंबेडकरांनी त्यांत दाखवलेला दोष स्पष्ट करा.
२. इंग्रजी ग्रंथाकडून मराठी ज्ञानकोशाकडे वळण्यामागील भाषिक कारणाची चर्चा करा.

(इ) सविस्तर उत्तर लिहा.
परदेशवासाने दृष्टी मिळते, पण ती पूर्ण नसते. केतकर आणि आंबेडकर यांच्या उदाहरणांवरून या विधानाचे परीक्षण करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, मुंबई अथवा परदेशात गेलेल्या दोन व्यक्तींशी बोला. शक्य असल्यास त्यांतील एक स्त्री असावी आणि दोघांची सामाजिक पार्श्वभूमी वेगळी असावी. गावातील कोणती गोष्ट गाव सोडल्यावरच प्रश्न म्हणून जाणवली, हे त्यांना विचारा. गावी परतल्यावर गावाने त्यांना कसे वागवले, हेही विचारा. त्यांची नावे न लिहिता दोन्ही उत्तरांतील साम्य व भेद सुमारे तीनशे शब्दांत नोंदवा. उत्तरे त्यांच्या बोलीत मिळाली तर ती तशीच टिपून घ्या. प्रमाणभाषेत आणताना त्यांतील काय गळते, हेही वहीत लिहून ठेवा.